‘घरं फोडता’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, घरात भीती वाटली तर कोणाकडे जायचं, हे चौथीच्या वर्गात मी कसं शिकवते त्यावर लेख लिहिला होता. त्याखालची तुमची कमेंट तीनदा वाचली. “मास्तरीणबाई, चौथीच्या लेकराइले हे शिकवून तुम्ही लोकाइची घरं फोडता. उद्या पोरगं १०९८ ले फोन लावन, बाप त्याले सोलून काढन, तवा तुम्ही कुठं असान?” (१०९८ म्हणजे अडचणीतल्या लेकरांच्या मदतीचा फोन.) वर लेखात कायद्याचं सालही चुकलं म्हणून बजावलंत.

सालाचं मान्य. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, पण लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. लेखात दुरुस्ती केली. झालं समाधान?

आता ‘घरं फोडता’. अहो, माझ्या वर्गात ‘हिंसाचार’ हा शब्दसुद्धा मी फळ्यावर लिहिला नाही. कागदावर हात ठेवून पंजा गिरवायचा, अन् घरात भीती वाटली तर कोणाकडे पळत जाशील त्यांची नावं बोटांवर लिहायची, बस. एका पोरानं अंगठ्यावर ‘आजी’ लिहिलं अन् बाकीची चार बोटं कोरी ठेवून पेन्सिल चावत बसला. त्याचं घर मी फोडलं का?

मला खेडं शिकवू नका. यवतमाळ जिल्ह्यातच वाढले मी. कापसाचे चुकारे हातात पडले की बाप दोन दिवस गुत्त्यावर, अन् तिसऱ्या दिवशी माय चुलीमागं अंग चोरून. मी खाटेखाली, कानात बोटं घालून. सकाळी गुरुजी विचारायचे, गृहपाठ कुठं आहे? डोळे कशानं सुजले, ते नाही विचारलं कोणी. शेजाऱ्यांची अन् आमची भिंत एकच, सगळं ऐकू जायचं. पण “घरातलं घरात” म्हणून ते कवाड लावून घेत. मायची करंगळी अजून वाकडी आहे, भाकर थापताना बाहेर निघते. तुमच्या भाषेत ते घर शाबूत होतं बरं का. कोणीच फोडलं नाही.

फोनचं म्हणाल, तर १०९८ सरकारचा नंबर आहे, माझ्या घरचा नाही. पुढचं पुढं पाहू.

तुम्ही वयानं मोठे असाल म्हणून एवढं नीट लिहिलं. नाहीतर स्वतःचं नाव न टाकता बाईमाणसाला जाब विचारणाऱ्याला मी उत्तर देत नसते. आणि ‘मास्तरीणबाई’ नका म्हणू. आमच्या गावात पहिलीचं लेकरूही मॅडम म्हणते.