नागपूर–मुंबई विमान: ६८० किलोमीटरला दीड तास का लागतो?

नागपूर–मुंबई विमानाला दीड तास लागतो, असं लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा हिशेब असा: अंतर ६८० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८३०, म्हणजे पन्नास मिनिटांत मुंबई. मग लेखात दीड तास कुठून आला? शिवाय रेल्वे ८३७ किलोमीटर दाखवते, तेव्हा ६८० हेही चूक.

आधी अंतर. ६८० हे नागपूरचा सोनेगाव विमानतळ ते मुंबई विमानतळ असं नकाशावरचं सरळ अंतर आहे, अक्षांश-रेखांशांवरून कोणालाही काढता येतं. रेल्वे बडनेरा, भुसावळ, मनमाड करत कसारा घाट उतरते, म्हणून ८३७. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो. तीन रस्ते, तीन आकडे; भांडण कुठेच नाही.

खरी गोम वेळेत आहे. ताशी ८३० हा वेग वर पोचल्यावरचा. दहा हजार फुटांखाली साधारण २५० नॉटची (ताशी सुमारे ४६० किलोमीटरची) मर्यादा असते, आणि चढण्यात वीसेक मिनिटं व जवळपास दोनशे किलोमीटर जातात. उतरणं त्याहून सावकाश: मुंबईच्या दोनशे किलोमीटर अलीकडेच विमान खाली यायला लागतं. मध्ये पूर्ण वेगाचे उरले किती? २८० किलोमीटर, म्हणजे वीस मिनिटं. हवेतच तास-सव्वा तास झाला की नाही?

आता सोनेगावची धावपट्टी बघा. ती वायव्य-आग्नेय आहे, मुंबई पश्चिमेला, थोडी नैऋत्येकडे. वारा बघून विमान आग्नेयेकडे तोंड करून उडालं, तर आधी मुंबईकडे पाठ, मग शंभर अंशांहून मोठं वळण. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे जाताना ते समोरून लागतात. त्याच दिवसांत परतीचं विमान थोडं लवकर पोचतं, ते म्हणूनच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी घिरट्या ठरलेल्या.

आणि तिकिटावरची वेळ उड्डाणापासून मोजतच नाहीत. विमानाने उभं राहायची जागा सोडल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंत ती मोजतात. दोन्हीकडचं टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरून चालत जाणं, त्यात आलं, वर कंपन्या थोडी सैल वेळही धरतात. वीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान 'वेळेवर' पोचतं, ती जादू हीच.

तुमच्या पन्नास मिनिटांवर भरवसा ठेवून कोणी मुंबईहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर घेतलं, तर फसेल. सामान पट्ट्यावरून घ्यायचं, टर्मिनल बदलायचं, पुन्हा चेक-इन. देशांतर्गत काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. मध्ये किमान चार तास ठेवा, पावसाळ्यात आदल्या दिवशीच निघा. एकाच तिकिटावर पुढचा प्रवास असेल तर दोन तासही चालतात, कारण सामान पुढे पोचवणं आणि विमान हुकलं तर दुसऱ्यात बसवणं ही मग कंपनीची डोकेदुखी.