दार कायले पाह्यजे?

जागतिकीकरण बरं की वाईट, हा वाद आमच्या घरात जुना आहे. एकीकडे पुण्यात आयटीत असलेला मी, दुसरीकडे यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकवणारा मोठा काका. माझा पगार अमेरिकन गिऱ्हाइकावर चालतो, तेव्हा माझी बाजू सांगायला नको. 2025च्या दिवाळीत मात्र मी गप्प बसलो.

त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं. कपडे निर्यात करणारे अडचणीत आले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून सरकारने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत! लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, आणि खेडा खरेदीवाले, म्हणजे गावात येऊन माल घेणारे व्यापारी, त्याच्या बरंच खाली मागत होते. 2022मध्ये भाव दहा हजारांवर गेला होता, तेव्हाही हेच शुल्क काढलं होतं. काका म्हणाला, "भाव चढला का दार उघडते, पडला तरी उघडते. मंग दार कायले पाह्यजे?"

मला उत्तर सुचलं नाही.

अमेरिकेचं बघा. तिथल्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील 2002मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. 2014मध्ये अमेरिकेने ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. शेतकऱ्याच्या मदतीचं रूप बदललं, मदत थांबली नाही.

तिथे सगळं गोड आहे असंही नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅनापोलिसची टॉवेल गिरणी कर्ज आणि स्वस्त आयातीखाली दबून 2003मध्ये बंद पडली, एका दिवसात चार हजारांवर माणसं घरी. पण आयातीमुळे काम गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारा कायदा तिथे 1962पासून होता. पन्नाशीच्या कामगाराला नवं काम शिकवून किती उपयोग झाला असेल, ही शंका आहेच. 2022पासून तर तीही योजना गुंडाळायला घेतली आहे. तरी निदान नुकसान कुणामुळे झालं हे सरकारी कागदावर मान्य होतं.

तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपडे कारखान्यातला शिलाई कामगार जगावा म्हणून शुल्क काढलं, माझी हरकत नाही. पण त्याची किंमत कास्तकाराने मोजली, तर त्या फरकाची भरपाई त्याला का नको? सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, हमीभावाने घेते म्हणता, पण 12 टक्क्यांवर ओलावा निघाला की तिथून गाडी परत. आणि त्या वर्षी पाऊस हटत नव्हता.

दिवाळीत आम्ही सगळे ओसरीवर झोपलो. आतल्या दोन्ही खोल्यांत कापसाची गंजी होती.