आजीचं डबडं

कोडॅकचा पहिला ब्राउनी कॅमेरा १९०० साली बाजारात आला तो लहान मुलांनाही वापरता यावा म्हणून. माझं वय अठ्ठेचाळीस. त्याच जातीचा आजीचा डबा कॅमेरा मला अजून जमत नाही.

त्यात आहे काय म्हणाल, तर काहीच नाही. पुढे एक भिंग, बाजूला खटका आणि रोल फिरवायची किल्ली. फोकस करायची सोय नाही. खटक्याचा वेग एकच, सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग. माणूस दहाएक फुटांवर, ऊन आपल्या पाठीशी, डबा पोटाशी, श्वास रोखलेला. आजीने आयुष्यभर असेच फोटो काढले. त्यामुळे आमच्या अल्बममधल्या झाडून सगळ्या नातेवाइकांकडे आपण आजीच्या पोटाच्या उंचीवरून बघतो. कित्येक काका मला नुसत्या नाकपुड्यांवरून ओळखता येतात. आजी स्वतः एकाही फोटोत नाही, कारण डब्याला दुसऱ्याने हात लावलेला तिला खपत नसे. ऊन पाठीशी, म्हणून सावली तेवढी येई.

खरा छळ रोलचा. याला ६२० नंबरचा रोल लागतो. तो १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि १९९५ साली बंद झाला. १२० नंबरचा अजून मिळतो, आणि गंमत म्हणजे आतली फिल्म दोन्हींची तीच. ६२० चं रीळ तेवढं बारीक. म्हणून १२० ची फिल्म अंधारात सोडवून ६२० च्या रिळावर गुंडाळायची, आणि तिथून उलटी दुसऱ्या ६२० च्या रिळावर. अंधार म्हणजे मिट्ट. दाराच्या फटीतला उजेडसुद्धा चालत नाही. मी रात्री बाथरूमचं दार लावून, वर रजई पांघरून बसतो. दुसऱ्या फेरीत फिल्म तिच्या पाठीमागच्या कागदाला जिथे चिकटवलेली असते, तिथे हमखास फुगा येतो. ती पट्टी नखाने सोडवायची, फिल्म सारखी करायची, पुन्हा चिकटवायची. घामेजल्या बोटांनी. नेमकी तेव्हाच दारावर थाप पडते.

"अहो, किती वेळ? पोट बिघडलंय का?"

नाही म्हटलं तर खरं कारण सांगावं लागेल. मी रजईतून "हो" म्हणतो.

मग रविवारी सगळ्यांना उन्हात उभं करायचं. वरच्या टपाल तिकिटाएवढ्या काचेत चित्र दिसतं ते डाव्याचं उजवं होऊन. मी "इकडे सरका" म्हणतो, मंडळी सरकतात आणि काचेतून नाहीशी होतात. कसाबसा खटका दाबला की पोरं "दाखव, दाखव" करत मागे धावतात. मागे पत्रा आणि एक तांबडी खिडकी. त्या खिडकीत आकडा बघत किल्ली फिरवायची, असे आठ फोटो. फिरवायला विसरलात तर कॅमेरा चकार शब्द न काढता आधीच्याच फोटोवर दुसरा चढवतो. मागच्या खेपेला सासूबाईंच्या चेहऱ्यातून दोरीवरचे कपडे आरपार गेले होते. (तो फोटो त्यांना अजून दाखवलेला नाही.)

रोल धुवायला देताना मी पाकिटावर 'रीळ परत द्यावे' असं लिहून खाली दोन रेघा मारतो. फिल्म हरवली तरी चालेल, रीळ गेलं तर पुढचा रोल कशावर गुंडाळणार?

या वेळी आठांतला एकच धड आला. मुलगी उन्हाने डोळे बारीक करून उभी आहे, नाकपुड्या घराण्याच्या. तिच्या पायांशी सावली पडलीये. कोपरं बाहेर, मान खाली, पोटाशी डबा.

बायकोने फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. "हा आजींनी काढलाय ना? मग ही कशी यात?"

मी म्हटलं, "ते राहू दे. आधी पाकीट झटकून बघ, रीळ दिलंय का."