‘तेव्हा कोणाला काय माहीत होते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली प्रतिक्रिया मी सावकाश, दोन-तीन वेळा वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणे बरे दिसले नसते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मागच्या लेखात ब्रिटनचा दूरचित्रवाणी निवेदक जिमी सॅव्हिल आणि अमेरिकेचा विनोदी अभिनेता बिल कॉस्बी यांच्यावरच्या लैंगिक अत्याचारांच्या आरोपांविषयी मी लिहिले होते की, अशा माणसांचे खरे रूप ‘सगळ्यांना माहीतच होते, फक्त ते कोणाला पाहायचे नव्हते’. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. एक, ही पश्चातबुद्धी आहे, तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हते. दोन, घरी बसून दूरचित्रवाणी पाहणाऱ्या साध्या माणसावर मी नकळत गुन्ह्याचा वाटा टाकते आहे. आणि तीन, गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष हे तत्त्व आपण सोडले, तर उद्या कोणाही नामवंताचे आयुष्य एका आरोपाने मातीमोल होईल.

पहिल्या आक्षेपातला एक भाग मी आधीच मान्य करून टाकते. ‘सगळ्यांना माहीत होते’ हे वाक्य चुकीचे होते. ते लिहिताना मी रागात होते आणि रागात माणूस ‘सगळे’ हा शब्द फार सहज वापरतो. सॅव्हिलचा कार्यक्रम पाहणाऱ्या लाखो घरांना त्याच्या गुन्ह्यांची माहिती होती, असे म्हणायला कोणताही आधार नाही. पण ‘कोणालाच काही माहीत नव्हते’ हे आपले वाक्यही तितकेच अपुरे आहे. माझ्या मते खरा प्रश्न या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे आणि मागच्या लेखात मी त्या जागेत शिरलेच नाही.

ज्यांना हे नाव अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सॅव्हिल हा ब्रिटनमधला अतिशय लोकप्रिय निवेदक होता. १९७५ ते १९९४ या काळात बीबीसीवर मुलांच्या इच्छा पूर्ण करणारा त्याचा कार्यक्रम चालला. धर्मादाय कामांसाठी त्याने सुमारे चार कोटी पौंड गोळा केल्याचे सांगितले जाई. १९९० मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. २९ ऑक्टोबर २०११ रोजी तो वारला तेव्हा लीड्स शहरात त्याची सोनेरी शवपेटी दर्शनासाठी ठेवली होती आणि हजारो लोक रांगेने तिच्यापुढून गेले. वर्षभराच्या आत, ३ ऑक्टोबर २०१२ रोजी, आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर त्याच्या लैंगिक अत्याचारांविषयीचा माहितीपट दाखवला गेला आणि त्यानंतर आठवडाभरातच त्याच्या कुटुंबाने त्याच्या कबरीवरचा नवाकोरा दगड रातोरात काढून घेतला. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या पोलिसांच्या संयुक्त अहवालानुसार सुमारे ४५० जणांनी त्याच्याविरुद्ध माहिती दिली होती आणि २१४ गुन्हे नोंदवले गेले होते.

आता त्या मधल्या जागेविषयी. १९७६ मधली बीबीसीच्या संगीत कार्यक्रमाची एक चित्रफीत आजही पाहायला मिळते. सॅव्हिल तरुण प्रेक्षकांच्या घोळक्यात बसून कॅमेऱ्याकडे पाहत निवेदन करतो आहे. त्याला खेटून बसलेली एक तरुण मुलगी एकाएकी दचकते, अंग चोरते, जागेवरून उसळल्यासारखी होते. तो बोलणे न थांबवता, या गोष्टीची सवय लागायला हरकत नाही, अशा अर्थाचे काहीतरी म्हणून हसतो. त्या मुलीने पुढे सांगितले की, त्याचा हात तिच्या कपड्यांखाली गेला होता, आणि तिथल्या कर्मचाऱ्याला तिने ते सांगितले तेव्हा हे त्याचे नेहमीचे चाळे आहेत म्हणून तिला वाटेला लावण्यात आले.

ही चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा काय घडले ते सांगते, कारण आपल्या पश्चातबुद्धीच्या मुद्द्याला याहून प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नाही. तो कोण होता आणि त्याने काय केले हे सारे ठाऊक असूनही माझी नजर त्याच्यावरच खिळून राहिली. बोलणारा तो, कॅमेऱ्यात पाहणारा तो, केस पांढरेशुभ्र रंगवलेला तो. शेजारी काहीतरी हालचाल झाली, एवढेच माझ्या लक्षात आले. दुसऱ्यांदा मी ठरवून फक्त त्या मुलीकडे पाहिले आणि तेव्हा ती काही सेकंदे मला सहन झाली नाहीत. म्हणजे मलाही दुसऱ्यांदा पाहावे लागले. १९७६ मध्ये ज्यांनी ते एकदाच आणि बेसावधपणे पाहिले, त्यांना मी दोष देत नाही. पण ती गोष्ट लपवलेली नव्हती, लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून गेली होती आणि तरी कोणाच्या नजरेत भरली नव्हती, हेही तितकेच खरे आहे. तिथे माहितीची कमतरता नव्हती, आपण कोणाकडे पाहायचे ते आधीच ठरून गेले होते.

१९७४ मध्ये छापलेल्या आपल्या आत्मचरित्रात सॅव्हिलने स्वतःच एक प्रसंग लिहिला आहे. सुधारगृहातून पळालेल्या एका मुलीचा शोध चालू असताना आपण पोलिसांना, ती सापडली तर आधी एक रात्र आपल्याकडे ठेवू, असे सांगितले आणि पुढे तसेच केले, हे तो फुशारकीने सांगतो. पुस्तक उघड विकले गेले, लोकांनी ते वाचले. वाचणाऱ्यांना तो प्रसंग समजला नसेल असे मला वाटत नाही. ‘हा असाच आहे, वल्ली आहे’ या एका शब्दाखाली तो झाकला गेला. एखाद्याला वल्ली म्हटले की त्याच्या वागण्याची चौकशी संपते आणि किस्से सुरू होतात. सॅव्हिलला हे पक्के ठाऊक होते, असे मला त्याच्या जुन्या मुलाखती पाहताना पदोपदी वाटते. त्याच्याविषयी कुजबुज होती आणि ती थट्टेच्या रूपात तो स्वतःच पसरवत असे.

याहून अस्वस्थ करणारी एक आठवण लहानपणी रुग्णालयात राहिलेल्या एका स्त्रीने २०१२ मध्ये सांगितली. सॅव्हिल रुग्णालयांत स्वयंसेवक म्हणून मोकळेपणाने वावरत असे. तो कक्षात येणार असला की परिचारिका मुलांना झोपेचे सोंग घ्यायला सांगत, अशी ती आठवण आहे. त्या परिचारिकांना माहीत होते की नव्हते? आपल्या ‘माहीत होते’ आणि ‘माहीत नव्हते’ या दोन खणांपैकी त्यांना कुठे ठेवायचे ते मला सांगता येत नाही. मुलांना डोळे मिटायला सांगण्याइतके त्यांना नक्कीच माहीत होते. म्हणजे माहिती एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे सावधगिरीची सूचना म्हणून पसरत होती, पण तक्रार होऊन वर मात्र जात नव्हती. स्टोक मँडव्हिल रुग्णालयातला मणक्याच्या दुखापतींचा विभाग १९८३ मध्ये त्याने मिळवलेल्या देणग्यांतून उभा राहिला होता. त्या रुग्णालयाविषयीचा चौकशी अहवाल २०१५ मध्ये आला. त्यानुसार तिथे सुमारे ६० जणांवर अत्याचार झाले होते आणि त्या त्या वेळी केल्या गेलेल्या तक्रारींपैकी एकीचीही गंभीर दखल घेतली गेली नव्हती. ज्याच्या पैशांनी छप्पर उभे राहिले, त्याच्याविरुद्ध त्याच छपराखाली ब्र काढायला किती धैर्य लागत असेल, याची कल्पना मी करू शकते.

आपल्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मला इथेच द्यावेसे वाटते. प्रेक्षक गुन्हेगार नाही. त्याचे प्रेम खोटे नव्हते आणि ते करण्यात त्याची चूकही नव्हती. मात्र त्या प्रेमाचा उपयोग कशासाठी झाला, हे पाहण्याची जबाबदारी आज आपल्यावर येतेच. २००७ ते २००९ या काळात पोलिसांनी सॅव्हिलविरुद्धच्या काही तक्रारींचा तपास केला होता. त्यांतल्या काही, वळण लावण्यासाठी ठेवलेल्या मुलींच्या एका निवासी शाळेतल्या होत्या. म्हणजे एका पारड्यात ‘वाया गेलेल्या’ म्हणून आधीच शिक्का बसलेल्या मुली आणि दुसऱ्या पारड्यात राष्ट्राचा लाडका. १ ऑक्टोबर २००९ रोजी पोलिसांनी त्याची जबानी घेतली ती कुठे, तर स्टोक मँडव्हिल रुग्णालयातल्या त्याच्याच कार्यालयात. पुढे खटला झाला नाही. जानेवारी २०१३ मध्ये अभियोग विभागाच्या, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या सरकारी खात्याच्या, वरिष्ठ सल्लागारांनी त्या निर्णयाची छाननी केली. तेव्हा असे दिसले की, तक्रार करणाऱ्या स्त्रियांपैकी कोणालाही, आपल्याखेरीज इतरांनीही तक्रार केली आहे, हे सांगितले गेले नव्हते. ते कळले असते तर आपण साक्ष द्यायला उभ्या राहिलो असतो, असे त्यांच्यापैकी काहींनी नंतर सांगितले.

मला जे म्हणायचे आहे ते सारे या एका तपशिलात आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. त्या प्रत्येक स्त्रीला वाटत होते की आपण एकटीच आहोत. ती एकटी असेल, तर तिच्या एका शब्दासमोर संपूर्ण देशाची ममता उभी. ‘माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?’ हा तिचा अंदाज चुकीचा नव्हता, तो आपल्याविषयीचा, म्हणजे प्रेक्षकांविषयीचा, अगदी अचूक अंदाज होता. आपण म्हणता, आम्हांला माहीत नव्हते. ती म्हणते, मला सांगता आले नाही. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत असे आपल्या प्रतिक्रियेत गृहीत धरलेले दिसते. मला वाटते, ती सांगू शकली नाही याचे मोठे कारण आपण त्याच्यावर कसे प्रेम करत होतो हे होते, आणि आपल्याला माहीत नव्हते याचे कारण ती सांगू शकली नाही हे होते.

कॉस्बीचे प्रकरण तर आपल्या ‘माहीतच नव्हते’ या म्हणण्याला अधिकच अडचणीत टाकते, कारण तिथे सारे छापून आले होते. २००५ मध्ये एका स्त्रीने त्याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार पोलिसांत केली. सरकारी वकिलांनी खटला भरला नाही, म्हणून तिने दिवाणी दावा लावला. त्या दाव्यात तिच्या बाजूने आणखी १३ स्त्रिया साक्ष द्यायला तयार होत्या. २००६ मध्ये दावा तडजोडीने मिटला. वृत्तपत्रांत हे आले, लोकांनी वाचले आणि पुढली आठ वर्षे कॉस्बी पूर्वीसारखाच अमेरिकेचा लाडका बाप राहिला. १९८४ ते १९९२ या काळात त्याने पडद्यावर रंगवलेला प्रेमळ डॉक्टर-बाप लोकांना इतका सवयीचा झाला होता की, बातमी त्या चेहऱ्याला चिकटेचना. ऑक्टोबर २०१४ मध्ये एका विनोदी कलावंताने रंगमंचावरून त्याला उघडपणे बलात्कारी म्हटले, ती चित्रफीत पसरली आणि मग महिनाभरात त्याचे ठरलेले कार्यक्रम रद्द झाले. तेव्हा तक्रारदारांपैकी एकीने वृत्तपत्रात लेख लिहून विचारले की, आम्ही इतकी वर्षे सांगत होतो, ते एका पुरुषाने सांगितल्यावरच कसे ऐकू आले? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो मला फार लागला.

आता आपला तिसरा आक्षेप. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यामागची भीती मी खरी मानते. कॉस्बीला एप्रिल २०१८ मध्ये दोषी ठरवले गेले, पण जून २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, आधीच्या सरकारी वकिलाने दिलेल्या, खटला न भरण्याच्या आश्वासनाचा भंग झाला या कारणावरून ती शिक्षा रद्द केली, हे मी मागच्या लेखात लिहायला हवे होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात दिवाणी ज्यूरीने त्याला जबाबदार धरले, हेही त्याबरोबरच सांगायला हवे. सॅव्हिलनंतर ब्रिटनमध्ये लंबक उलट दिशेला गेला, हेही खरे. ऑगस्ट २०१४ मध्ये गायक क्लिफ रिचर्ड यांच्या घराची झडती बीबीसीने हेलिकॉप्टरमधून जगाला दाखवली. त्यांना ना अटक झाली, ना त्यांच्यावर आरोप ठेवला गेला, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने खासगीपणाच्या भंगाबद्दल त्यांना भरपाई देवविली. ज्येष्ठ राजकारणी आणि लष्करी अधिकाऱ्यांवर भयंकर आरोप करणाऱ्या एका माणसाचे सांगणे पोलिसांनी ‘विश्वसनीय आणि खरे’ म्हणून जाहीर केले. ते सारे रचलेले निघाले आणि २०१९ मध्ये त्या माणसालाच १८ वर्षांची शिक्षा झाली.

पण ही उदाहरणे आपल्या बाजूची आहेत तितकीच माझ्याही बाजूची आहेत. सॅव्हिलच्या वेळी प्रतिमा चांगली होती म्हणून तपास झाला नाही, आणि नंतर संशय हीच प्रतिमा झाली म्हणून तपासाची गरज वाटली नाही. निर्दोष मानण्याचे तत्त्व न्यायालयाने शिक्षा देण्याआधी पाळायचे आहे आणि ते मला प्राणांइतके महत्त्वाचे वाटते. तक्रार घेऊन आलेल्या मुलीला तोंडावर खोटी ठरवावे, असे मात्र त्या तत्त्वात कुठेही सांगितलेले नाही. तिचे म्हणणे लिहून घेणे, तारखा जुळवणे, इतर कोणी असे सांगितले आहे का ते शोधणे, यांतल्या कोणत्याही गोष्टीने आरोपीच्या निर्दोषत्वाला धक्का लागत नाही. निर्दोष माणसाला तर अशाच तपासाचा आधार असतो.

जुने कार्यक्रम पाहावेत की नाही, हेही आपण ओघात विचारले आहे. ते ज्याने त्याने ठरवावे. मला ते आता पाहवत नाहीत, इतकेच.

आपल्या प्रतिक्रियेमुळे मागच्या लेखातले ‘सगळ्यांना माहीतच होते’ हे वाक्य मी आज काढून टाकले आहे आणि बदल केल्याची नोंद खाली ठेवली आहे. त्या जागी मी इतकेच लिहिले आहे की, २००७ ते २००९ या काळात पोलिसांशी बोललेल्या स्त्रियांना एकमेकींविषयी काहीही सांगण्यात आले नव्हते. कॉस्बीच्या शिक्षेविषयीचा परिच्छेदही पूर्ण केला आहे. त्यात आणखी काही चूक दिसली तर जरूर कळवावे.