‘सेवेला धोरण कशाला?’ विचारणाऱ्या गुरुजींना

गुरुजी, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुसऱ्यांदा जास्त लागली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. धडगाव तालुक्यातल्या एका संस्थेसोबत बसून मी तिचे उपक्रम अकरावरून चारवर आणले, त्याबद्दल लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हे कंपन्यांचं खूळ सेवेत घुसवणं झालं. दारात आलेल्या माणसाला ‘धोरणात बसत नाही’ असं सांगायचं का? आणि अमळनेरच्या वसतिगृहात मुलांची आई झालेल्या साने गुरुजींनी कुठे धोरण लिहिलं होतं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण ते उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. अस्पृश्यता गावोगाव, घरोघर पसरलेली होती. साने गुरुजींनी त्यातलं एक दार निवडलं, पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचं. आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं तयार केली, मग १ मे १९४७ ला उपोषणाला बसले आणि १० मे रोजी, मंदिर दलितांना खुलं होणार हे ठरल्यावर, ते सोडलं. कुणासाठी, काय, कुठे बदलायचं हे इतकं लख्ख ठरलेलं असणं, एवढंच मी धोरण म्हणतो. कागद नसला तरी चालतो.

आता धडगावचं. या संस्थेचं मुख्य काम कुपोषणाचं, असं सगळे सांगत. पण भिंतीवर उपक्रमांची यादी लावली तर त्यात दप्तरवाटप, संगणक, शिवणवर्ग, वृक्षारोपण, व्यसनमुक्तीची पथनाट्यं, सगळंच. मी प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला: हे उद्या बंद पडलं तर पहिली तक्रार कोण करेल? संगणकांपाशी कार्यकर्ते एकमेकांकडे बघू लागले. तक्रार देणगीदाराची आली असती. गावातल्या कुणाची नाही.

खरा उलगडा झाला तो एका ताईंच्या वहीत. मुलांच्या दंडघेराची नोंद त्या दर महिन्याला करतात. पट्टीवर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आलं की मूल तीव्र कुपोषित. पावसाळ्यातली पानं भरलेली. दिवाळीनंतर मात्र नावापुढे फक्त ‘गुजरात’, ‘गुजरात’, ‘गुजरात’. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं. होळीला परत येतात तेव्हा नोंद पुन्हा सुरू, आणि पोर पुन्हा खाली घसरलेलं. म्हणजे ज्या महिन्यांत मूल वाळत होतं, नेमके तेच महिने संस्थेच्या कामात नव्हते. एवढी वर्षं वही समोर होती, पण अकरा उपक्रमांच्या धावपळीत ती रिकामी पानं कुणाला दिसलीच नाहीत. ताई हळूच म्हणाल्या, ‘आते काय करो?’

त्या ‘आते काय करो’चं उत्तर म्हणजे त्यांचं धोरण. निघण्याआधी प्रत्येक लहान मुलाची मोजणी करायची. मुकादमाकडून पडाव कुठे पडणार ते विचारून घ्यायचं. हंगामात एक कार्यकर्ता पलीकडे, गुजरातेत ठेवायचा, म्हणजे तिथल्या अंगणवाडीत नाव लागतं का हे तो बघेल. परत आल्यावर पुन्हा मोजायचं. यश म्हणजे किती पाकिटं वाटली हे नाही. गेलेलं मूल त्याच दंडघेराने परत आलं का, हे.

कंपन्यांबद्दलचा तुमचा राग मला समजतो, थोडा माझाही आहे. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. मग ३१ मार्च जवळ आला की फोन येतो, अमुक रक्कम आहे, लगेच काही घेता का? फेब्रुवारीत या पाड्यांवर म्हातारी माणसं आणि कुत्री उरलेली असतात, आणि आपण तिथे शिबिराचा फलक लावून फोटो काढतो. संस्थेने स्वतः काही ठरवलेलं नसेल तर तिच्या वतीने ते पैसेवाला ठरवतो. संगणक असेच आले होते. आता तीच माणसं फोनवर म्हणू शकतात, ‘ऑक्टोबरात द्या, नाहीतर पलीकडच्या कार्यकर्त्याचा पगार द्या.’ पगाराचं नाव काढलं की निम्मे लोक फोन ठेवतात, हेही खरं.

दोन गोष्टींत तुम्ही बरोबर आहात. एक, मी ‘दोन दिवसांची कार्यशाळा’ असं लिहिलं ते चुकीचं चित्र उभं करतं. मधे पाच महिन्यांचं जाणं-येणं होतं, आणि वही कार्यशाळेत नाही, ओट्यावर चहा पिताना सापडली. दोन, दारातला माणूस. त्याचं उत्तर कुठल्याच धोरणात नसतं. रात्री अडलेली बाई घेऊन जीप नंदुरबारला निघते तेव्हा कुणी तक्ता काढून बघत नाही, बघूही नये. म्हणून त्यांनी वर्गणीतले थोडे पैसे वेगळे ठेवलेत, अहवालात दाखवायचे, पण परिणामात मोजायचे नाहीत. ती कल्पना माझी नव्हती, संस्थेच्या ड्रायव्हरची होती.

शिवणवर्गाबद्दल मात्र मला अजून खात्री नाही. सहा बायका नियमित येत होत्या आणि त्यातल्या दोघी ब्लाउज शिवून चार पैसे मिळवायला लागल्या होत्या. बंद केला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. मशिनी तेल घालून, झाकून ठेवल्यात. शहाद्याकडे तुमच्या ओळखीत कुणी वर्ग चालवायला तयार असेल तर कळवा, मशिनी पोचवायची जबाबदारी माझी.