‘यावर चित्रपट होऊच शकत नाही’ या विधानाचा प्रतिवाद

गुंतागुंतीच्या विज्ञान कादंबरीवर चांगला चित्रपट निघूच शकत नाही, असे विधान समाजमाध्यमांवर सतत फिरत असते आणि त्याला माना डोलावणारेही पुष्कळ असतात. त्याच्या पुष्ट्यर्थ साधारणपणे चार कारणे दिली जातात: अशा कादंबरीतला ऐवज दोन-अडीच तासांत मावत नाही, पात्रांच्या मनातले विचार कॅमेऱ्याला टिपता येत नाहीत, वैज्ञानिक कल्पना समजावून दिल्याशिवाय प्रेक्षकाला काही कळत नाही, आणि मूळ कृतीत केलेला प्रत्येक बदल हा तिच्याशी केलेला द्रोह असतो. या चारही कारणांत थोडेथोडे तथ्य आहे, म्हणूनच ते विधान खरे वाटते. परंतु त्यासाठी ज्या चित्रपटांचे दाखले दिले जातात, तेच जरा जवळून पाहिले तर निष्कर्ष बराच वेगळा निघतो.

लांबीच्या मुद्द्यासाठी हटकून ‘ड्यून’चे उदाहरण येते. फ्रँक हर्बर्ट यांची ही १९६५ सालची कादंबरी डेव्हिड लिंच यांनी १९८४ मध्ये १३७ मिनिटांत बसवली आणि चित्रपट आपटला. डेनी विलनव यांनी २०२१ आणि २०२४ मधल्या दोन भागांसाठी १५५ व १६६ अशी एकूण ३२१ मिनिटे घेतली आणि ते चालले. तेव्हा अडचण वेळेचीच होती, असा हा हिशेब आहे. त्यात एक गोष्ट धरलेली नाही. लिंच यांच्या चित्रपटात अवकाशयाने चालवणारा विद्रूप नाविक आहे, संगणकाचे काम करणारी माणसे आहेत, नायक पॉलची लहानगी बहीण आलिया आहे आणि कादंबरीप्रमाणेच खलनायक बॅरनचा अंत तिच्या हातून होतो. विलनव यांनी दुपटीहून अधिक वेळ हाताशी असतानाही नाविकांना जवळजवळ बाजूला ठेवले, त्या गणिती माणसांचे स्पष्टीकरण दिलेच नाही, मेजवानीचा प्रसिद्ध प्रसंग गाळला आणि मधली दोन वर्षे काही महिन्यांवर आणली. परिणामी आलिया शेवटपर्यंत आईच्या पोटातच राहते आणि बॅरनला पॉल मारतो. ज्याच्याकडे वेळ कमी होता त्याने सामान अधिक कोंबले आणि ज्याच्याकडे वेळ होता त्याने ते निम्म्यावर आणले, असा हा उलटा मामला आहे. (अंतिम संकलनाचा अधिकार लिंच यांच्या हाती नव्हता, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.)

मनातल्या विचारांबद्दलचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण हर्बर्ट यांच्या गद्यात प्रत्येक संवादाखाली एक न बोललेला संवाद चालू असतो. लिंच यांनी तो उचलून कुजबुजीच्या रूपात तसाच ध्वनिपट्टीवर घातला: ओठ मिटलेले, चेहरा स्थिर आणि कानावर पात्राचे स्वगत. बहुतेक ठिकाणी ही कुजबुज चेहऱ्यावर आधीच दिसलेली गोष्ट पुन्हा सांगते. याउलट २०२१ च्या चित्रपटातला पॉलच्या परीक्षेचा प्रसंग पाहावा. वेदना देणाऱ्या पेटीत हात घातलेला पॉल कादंबरीत भीती आवरण्याचा मंत्र मनातल्या मनात आठवतो. चित्रपटात तोच मंत्र बंद दाराबाहेर उभी असलेली त्याची आई, जेसिका, थरथरत पुटपुटते. मनातला मजकूर असा दुसऱ्याच्या तोंडी गेल्यामुळे तो ऐकू तर येतोच, शिवाय या परीक्षेला मुलाला आपणच सामोरे जायला लावले आहे ही तिची घालमेलही एका शब्दाच्या निवेदनावाचून कळते.

तिसऱ्या आक्षेपाची भीती निर्मात्यांनाही असते. लिंच यांच्या ‘ड्यून’च्या वेळी काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांच्या हाती कादंबरीतल्या शब्दांचे अर्थ छापलेला कागद देण्यात आला होता, अंधारात तो वाचणार कोण, हा प्रश्न कोणाला पडला नसावा. समजावणे आणि समजणे यांतला फरक पाहायचा असेल तर ‘अरायव्हल’ हा २०१६ सालचा चित्रपट पाहावा. टेड चियांग यांच्या ज्या १९९८ सालच्या कथेवर तो आधारलेला आहे, ती कादंबरी नसून दीर्घकथा आहे, पण वैचारिक गुंतागुंतीत ती अनेक जाडजूड कादंबऱ्यांना मागे टाकते. पाण्यात शिरताना वाकणारा प्रकाशकिरण सर्वांत कमी वेळाची वाट धरतो, आणि त्यासाठी शेवटचा मुक्काम त्याला सुरुवातीलाच ठाऊक असायला हवा असे वाटते, या भौतिकशास्त्रातल्या कोड्यावर ती उभी आहे. परग्रहवासीयांची भाषा शिकत गेलेल्या नायिकेला पुढचे आयुष्य आठवणीसारखे दिसू लागते, आणि म्हणून ती मुलीला तिचे आयुष्य भविष्यकाळी क्रियापदांत सांगते. हा काळाचा खेळ पडद्यावर आणायचा कसा?

चित्रपटाने प्रकाशकिरण सोडूनच दिला. सुरुवातीलाच मुलीचा जन्म, बालपण, आजार आणि मृत्यू यांची दृश्ये येतात, आणि मुख्य कथानकाआधी आलेले म्हणजे आधी घडलेले, या आपल्या सवयीनुसार आपण त्यांना भूतकाळ समजून बसतो. पुढे बऱ्याच वेळाने नायिका परग्रहवासीयांनाच विचारते की ही मुलगी कोण, आणि त्या क्षणी काळाबाबत फसलो होतो ते आपण, हे उमगते. कथेने क्रियापदांतून जे साधले ते इथे दृश्यांच्या क्रमाने, म्हणजे संकलनाने साधले आहे. किरणाचे कोडे गेल्यामुळे कल्पनेचा शास्त्रीय आधार पातळ झाला, हे खरे. आणि चिनी सेनानीला फोन करून युद्ध टाळण्याचा नवा भाग मला तरी कथेच्या शांत प्रकृतीला न शोभणारा वाटतो.

उरला द्रोहाचा आरोप. तो कधीकधी रास्त असतो, आणि ‘सोलारिस’बाबत मी लेखकाच्या बाजूने आहे. स्टॅनिस्लाव लेम यांच्या १९६१ च्या कादंबरीत सोलारिस या ग्रहावरचा महासागर समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांच्या पिढ्यांनी रचलेल्या आणि कोसळलेल्या सिद्धान्तांचा मोठा इतिहास येतो. आंद्रेई तार्कोव्हस्की यांनी १९७२ च्या चित्रपटात तो मागे सारून अपराधभाव आणि घराची ओढ पुढे आणली. यात सोलारिस नाही, दस्तयेवस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ आहे, अशा अर्थाची लेम यांची तक्रार होती. तक्रार न्याय्य असूनही चित्रपट मोठाच आहे, आणि ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असायला काही हरकत नाही.

पण प्रत्येक बदल द्रोह ठरत नाही, तसेच घटना जपल्या म्हणजे इमान राखले असेही होत नाही. इतक्या घटना जपणाऱ्या लिंच यांच्या चित्रपटाच्या शेवटी पॉल चमत्कार करून वाळवंटी ग्रहावर पाऊस पाडतो. कादंबरीत तिथल्या महाकाय वाळूकिड्यांना पाणी विषासारखे आहे आणि ज्या मसाल्यासाठी सारे साम्राज्य धडपडते तो त्या किड्यांच्याच जीवनचक्रातून येतो, म्हणजे हा पाऊस साऱ्याच्या मुळावरच येणारा. शिवाय तारणहारांपासून सावध राहा, हे सांगण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाचा शेवट खऱ्याखुऱ्या तारणहाराने होतो. विलनव यांनी हा इशारा जपण्यासाठी घटनाच बदलली: कादंबरीतली पॉलची प्रेयसी चानी त्याचे राजकीय लग्न सोसून त्याच्याजवळ राहते, तर २०२४ च्या चित्रपटात सारा जमाव गुडघे टेकत असताना ती पाठ फिरवून निघते, वाळवंटात एकटी जाऊन उभी राहते आणि येणाऱ्या किड्याची वाट पाहते.