आधी ‘एकत्रीकरण’ लिहा, चिपचं नंतर बघू

चीनमध्ये कारखाना काढायचा बेत असेल, तर त्यात काय बनवायचं याचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत ‘लष्करी-नागरी एकत्रीकरण’ घाला, म्हणजे नागरी उद्योगाचं तंत्रज्ञान लष्कराच्या आणि लष्कराचं उद्योगाच्या कामी यावं हे धोरण. शी चिनफिंग यांनी २०१५ मध्ये त्याला राष्ट्रीय धोरणाचा दर्जा दिला आणि २०१७ मध्ये त्यासाठीच्या केंद्रीय आयोगाचं अध्यक्षपद स्वतःकडेच ठेवलं. आता या शब्दांवर लाल शेरा मारायला कोणता कारकून धजावेल? तुमचा ड्रोन पिकांवर औषध फवारतो की आणखी कशावर काही टाकतो, असं कुणी विचारलं तर ‘दोन्ही’ म्हणा.

चिपच काढायची असेल, तर वुहानच्या होंगशिन कंपनीचा कित्ता गिरवा. २०१७ मध्ये स्थापना, १२८ अब्ज युआनची योजना, ७ नॅनोमीटरच्या अतिसूक्ष्म चिपच्या गप्पा. २०१९ च्या अखेरीस नेदरलँड्सहून लिथोग्राफी यंत्र, म्हणजे चिपवर प्रकाशाने नक्षी उमटवणारं यंत्र, आलं, तेव्हा रीतसर स्वागत समारंभ झाला. काही आठवड्यांतच ते बँकेत गहाण पडलं. कागदोपत्री नोंद होती, ‘नवंकोरं, न वापरलेलं’. तेव्हा यंत्राला हात लावू नका, किंमत उतरते. २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं. चिप? तुम्ही अजून तिथेच अडकलात का?

चौकशीचं भय बाळगू नका. चिप कंपन्यांना सरकारी पैसा पुरवणाऱ्या राष्ट्रीय चिप निधीच्या प्रमुखांचीच २०२२ मध्ये चौकशी सुरू झाली. म्हणजे त्या रांगेत तुमच्या आधी भली भली माणसं उभी आहेत.

परदेशी गिऱ्हाईक मात्र चिकित्सक असतं. आमची माहिती लष्कराकडे जाते का, असं विचारेल. छातीवर हात ठेवून ‘नाही’ म्हणा. २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचं सातवं कलम प्रत्येक संस्थेला आणि नागरिकाला गुप्तचर कामात सहकार्य करायला सांगतं, पण कलमं वाचायला वेळ कुणाला असतो! फारच ताणलं, तर जीपीएस आणि इंटरनेटचा पूर्वज आर्पानेट यांचा जन्म कोणत्या लष्कराच्या पैशातून झाला ते विचारा. अमेरिकन माणूस घटकाभर तरी गप्प बसतो.

तरीही २०२० मध्ये अमेरिकेने या धोरणाशी संबंधित संस्थांमधल्या चिनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना दार बंद केलंच. त्यावर बीजिंगचा तोडगा अभ्यासण्याजोगा आहे. २०२२ च्या कम्युनिस्ट पक्षाच्या महाअधिवेशनातल्या अहवालात ‘लष्करी-नागरी एकत्रीकरण’ हे शब्दच नाहीत. तिथे ‘एकात्मिक राष्ट्रीय सामरिक व्यवस्था आणि क्षमता’ आहे. तुमच्या प्रस्तावातही तेवढी ओळ बदला. बाकी मजकूर, आकडे आणि न बनलेली चिप तशीच राहू द्या.